उपचार फुकट, मग पैसे कशाला?

१. प्रश्न रास्त आहे

कॅन्सर झालेल्या मुलांसाठी काम करणाऱ्या एखाद्या संस्थेचं देणगीचं पत्रक हातात पडलं की बहुतेकांच्या मनात एक शंका येते. गरिबांसाठी महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना आहे, आयुष्मान भारत आहे. परळच्या टाटा रुग्णालयात साधारण वर्गातल्या पेशंटकडून फार कमी पैसे घेतात, असं आपण ऐकलेलं असतं. महाराष्ट्रातल्या धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि आणखी दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवाव्या लागतात. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये त्याची रीतसर योजनाच घालून दिली आहे. एवढं सगळं असताना या संस्था आणखी पैसे कशासाठी मागतात? ते पैसे औषधांवर जात नसतील, तर जातात कुठे?

शंका अजिबात चुकीची नाही. उत्तर मात्र अनेकांच्या अपेक्षेपेक्षा वेगळं आहे. यातल्या चांगल्या संस्थांचा बराच पैसा औषधांवर खर्च होतच नाही. तो खोलीभाड्यावर, तांदूळ-डाळीवर, अंड्यांवर, बसच्या फेऱ्यांवर आणि लोकांना फोन करणाऱ्या माणसांच्या पगारावर जातो. वरवर पाहता हा आजाराच्या कडेकडेचा खर्च वाटतो. या प्रकरणात मांडायचं आहे ते हे, की आपल्याकडे मूल जगणार की नाही याचा निकाल अनेकदा या कडेच्या खर्चावरच लागतो, आणि म्हणून तोही उपचाराचाच भाग धरायला हवा.

२. औषध जुनं आणि गुणकारी आहे

आधी आजाराबद्दल. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे चार लाख मुलामुलींना (वय १९ पर्यंत) कॅन्सर होतो. श्रीमंत देशांत त्यातली ८० टक्क्यांहून जास्त मुलं बरी होतात. अनेक गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत हेच प्रमाण ३० टक्क्यांच्याही खाली आहे. आजार तोच आणि पेशीही त्याच, तरी एवढी तफावत. ही दरी पाहूनच संघटनेने २०१८ मध्ये जागतिक मोहीम सुरू केली आणि २०३० पर्यंत जगभरात निदान ६० टक्के मुलं वाचावीत, असं उद्दिष्ट ठेवलं.

ही तफावत महागड्या नव्या औषधांमुळे पडली असेल, असा आपला पहिला तर्क असतो. मुलांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा कॅन्सर घेऊन हा तर्क तपासू. त्याचं नाव अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, म्हणजे पांढऱ्या पेशींचा झपाट्याने वाढणारा रक्ताचा कॅन्सर. १९४८ मध्ये बॉस्टनचे डॉ. सिडनी फार्बर यांनी अमिनॉप्टेरिन हे औषध देऊन या मुलांच्या रक्तातला आजार काही काळासाठी का होईना, मागे हटवता येतो हे दाखवलं. त्याच वर्षी त्यांच्या कामासाठी रेडिओवरून आवाहन झालं, लोकांनी दोन लाख डॉलरहून जास्त रक्कम पाठवली आणि त्यातून ‘जिमी फंड’ उभा राहिला. मेथोट्रेक्सेट, मर्कॅप्टोप्युरीन, व्हिन्क्रिस्टीन ही औषधं १९५० आणि ६० च्या दशकांतच वापरात आली. आजही या उपचाराचा कणा तीच आहेत. त्यांची पेटंटं कधीच संपली आणि ती भारतात बनतातही. तेव्हा निदान या आजारापुरतं, औषधाची किंमत हे तफावतीचं मुख्य कारण म्हणता येत नाही.

मग कारणं कोणती? निदान उशिरा होतं, कधी चुकीचं होतं, उपचारादरम्यानचा जंतुसंसर्ग आवरता येत नाही, आजार उलटतो. या ओळखीच्या कारणांच्या जोडीला आणखी एक आहे, ज्याची चर्चा फारच कमी होते: उपचार अर्धवट सुटतो. धरण भरलेलं असलं तरी शेतापर्यंत चारी खोदलेली नसेल, तर पीक वाळतंच. इथे तसंच होतं. रुग्णालय आहे, डॉक्टर आहेत, योजना मंजूर आहे, आणि मूल मात्र गावी निघून गेलेलं आहे.

३. उपचार ‘सुटतो’ म्हणजे काय होतं

या क्षेत्रातले लोक सलग चार आठवडे किंवा त्याहून जास्त काळ उपचार चुकले, तर तो ‘सोडला’ असं धरतात. आईबाप बेपर्वा असतात म्हणून असं होतं, हा सोपा निष्कर्ष झाला. तो बरोबर आहे का हे ठरवण्यासाठी उपचार चालतो कसा, ते पाहावं लागेल. वर सांगितलेल्या रक्ताच्या कॅन्सरचा उपचार साधारण दोन ते अडीच वर्षं चालतो. पहिल्या महिनाभरात जोरदार केमोथेरपी देतात आणि बहुतेक मुलांच्या रक्तातून आजार दिसेनासा होतो. पुढचे काही महिने लपून राहिलेल्या पेशी मारण्यासाठी तीव्र उपचार चालू राहतात. शेवटचं दीड-दोन वर्षांचं पर्व त्या मानाने सौम्य असतं: रोजच्या गोळ्या, ठरावीक दिवशी रुग्णालयात तपासणी, अधूनमधून सुई.

धोका या रचनेतच दडलेला आहे. पहिल्या महिन्यानंतर ताप गेलेला असतो, भूक परतलेली असते, मूल खेळायला लागलेलं असतं. घरच्यांच्या डोळ्यांना ते बरं झालेलंच दिसतं. नेमक्या याच सुमारास हातातले पैसे संपतात, उसनवारी वाढलेली असते, गावाकडे पेरणी खोळंबलेली असते आणि धाकटं भावंड आजीजवळ रडत असतं. ‘आता बरं आहे, थोडे दिवस जाऊन येऊ’ हा निर्णय त्या वेळी वेडेपणाचा वाटत नाही. डॉक्टरला सूक्ष्मदर्शकाखालीही न दिसणाऱ्या पेशी शिल्लक असण्याची शक्यता माहीत असते. बापाला दिसतं ते समोर हसणारं पोर. उपचार तुटला की उरलेल्या पेशी पुन्हा वाढतात, आणि परत आलेला आजार पहिल्यापेक्षा चिवट असतो. म्हणजे उपचार सुटण्यामागे अज्ञान असतं हे खरं, पण त्या अज्ञानाला बळ देतो तो परक्या शहरात रोज वाढत जाणारा खर्च.

दुसरा धोका काउंटचा. केमोने कॅन्सरच्या पेशींबरोबर जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीही मरतात. यालाच वॉर्डात ‘काउंट पडले’ म्हणतात. अशा मुलाला ताप आला तर तासाभरात अँटिबायोटिक सुरू व्हावं लागतं. मूल रुग्णालयापासून पाच तासांवर असेल, तर साधा वाटणारा ताप जीव घेऊ शकतो. म्हणून तीव्र उपचाराचे महिने रुग्णालयाच्या जवळच काढावे लागतात. परळच्या फुटपाथवर राहणं हेही जवळ राहणंच आहे. पण तिथे गाळलेलं पाणी नाही, संडास स्वच्छ नाही, आणि उघड्यावर शिजवलेलं अन्न काउंट पडलेल्या मुलाला चालत नाही. स्वच्छ खोली ही अशा मुलासाठी सोय राहत नाही, ती संसर्गाविरुद्धच्या उपचारात मोडते.

४. एका घराचा हिशेब

आता हे आकड्यांत मांडून पाहू. पुढचे आकडे केवळ उदाहरणादाखल धरलेले आहेत. मराठवाड्यातल्या एका खेड्यातलं शेतमजूर जोडपं आजारी मुलाला घेऊन मुंबईला आलं. नवऱ्याची मजुरी दिवसाला ४०० रुपये, बायकोची ३००; महिन्याला २५ दिवस काम. मुंबईत खोलीचं भाडं दिवसाला ५०० रुपये, तिघांचं खाणं ३००, येणंजाणं १००. म्हणजे रोजचे ९०० आणि महिन्याचे २७,००० रुपये. बुडालेली मजुरी दोघांची मिळून १७,५००. एकूण महिन्याचा खड्डा ४४,५०० रुपयांचा, सहा महिन्यांचा २,६७,००० रुपयांचा. यात औषधाचा एकही रुपया धरलेला नाही, कारण औषध योजनेतून मिळतंय.

आता एका संस्थेने खोली मोफत दिली, रेशनमधून खाण्याचा दोन तृतीयांश खर्च उचलला आणि रुग्णालयापर्यंत गाडी दिली. भाड्याचे १५,०००, खाण्याचे ६,००० आणि प्रवासाचे ३,००० असे महिन्याला २४,००० रुपये वाचले. खड्डा ४४,५०० वरून २०,५०० वर आला. पण यातले १७,५०० तर बुडालेल्या मजुरीचेच आहेत, आणि मजुरीची भरपाई कुठलीच संस्था सहसा देत नाही. मग गुंतवणूक वाया गेली का? नाही. आई आता अनोळखी शहरात एकटी नाही; शेजारच्या खोलीत तिच्यासारखीच दुसरी आई आहे, भाषा समजणारा सोशल वर्कर आहे, रात्री ताप आला तर गाडी आहे. त्यामुळे बाप गावी जाऊन कामाला लागू शकतो आणि त्याचे १०,००० रुपये पुन्हा सुरू होतात. खड्डा उरला १०,५०० रुपयांचा. हा पल्ला उसनवारीवर आणि नातेवाइकांच्या मदतीवर रेटता येतो. ४४,५०० चा रेटता येत नाही, तिथे शेत किंवा गुरं विकावी लागतात. थोडक्यात, संस्थेने दिलेल्या २४,००० रुपयांनी ३४,००० रुपयांचं काम केलं, आणि वरचे १०,००० केवळ सोबतीने मिळवून दिले.

५. धर्मशाळेपासून फोनपर्यंत

आजाऱ्याच्या नातेवाइकांना निवारा देण्याची कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. गाडगे महाराजांनी तीर्थक्षेत्रांबरोबर मुंबईतही धर्मशाळा उभारण्याचा ध्यास घेतला होता. त्यांच्या नावाची दादरची धर्मशाळा आज टाटाला येणाऱ्या पेशंटांचा मोठा आधार आहे. परळची नाना पालकर स्मृती समितीही याच परंपरेतली. परदेशात मुलांच्या कुटुंबांसाठी अशी घरं फार नंतर आली. १९७४ मध्ये फिलाडेल्फियात, डॉ. ऑड्री इव्हान्स आणि फ्रेड हिल या फुटबॉलपटूच्या प्रयत्नांतून पहिलं रोनाल्ड मॅकडोनाल्ड हाऊस उघडलं. हिलच्या मुलीला ल्युकेमिया होता, आणि इतर आईबाप वॉर्डातल्या खुर्च्यांवर रात्री काढताना त्याने पाहिले होते. हा क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे. आधी औषध सापडलं, त्यानंतर पाव शतकाने निवाऱ्याचा प्रश्न ऐरणीवर आला. मूल काही महिन्यांतच दगावत होतं तेव्हा घराची गरज कुणाला दिसली नव्हती. ते दोन वर्षं उपचार घेऊन जगू लागलं, तेव्हा ती दिसली.

मुलांच्या घराला साध्या धर्मशाळेपेक्षा काही जास्तीचं लागतं. २००६ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्सच्या व्यवस्थेत ते जवळून पाहता येतं. प्रत्येक कुटुंबाला झोपण्याची आपली वेगळी जागा असते. स्वयंपाकघर सगळ्यांचं एक, पण त्यात प्रत्येक आईची शेगडी वेगळी, सामानाचा कप्पा वेगळा; दर आठवड्याला रेशन मिळतं आणि स्वयंपाक तिचा तीच करते. तयार जेवणाचं ताट देणं व्यवस्थेला सोपं गेलं असतं. पण केमोने तोंडाची चव गेलेल्या मुलाला त्याच्या सवयीचाच घास उतरतो. बंगालच्या मुलाला भात-मासळी हवी असते, विदर्भातल्याला भाकरी. शिवाय महिनोन् महिने आयतं घेत राहिलेला माणूस आतून खचतो. स्वतःच्या शेगडीमुळे त्या बाईची घरधनीण ही ओळख टिकून राहते.

खाण्याचं तर वैद्यकीय महत्त्वही आहे. कुपोषित मुलाला केमो झेपत नाही, संसर्ग लवकर होतो, डोस पुढे ढकलावे लागतात. २०१३ पासून काम करणारं कडल्स फाउंडेशन हे ओळखून रुग्णालयांत आहारतज्ज्ञ नेमतं आणि मुलांना पूरक आहार देतं.

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित काम मात्र फोनचं आहे. टाटा रुग्णालयातल्या इम्पॅक्ट फाउंडेशनचा अनुभव याबाबत बोलका आहे. तिथे २००९ च्या सुमारास उपचार नाकारणाऱ्या किंवा मध्येच सोडणाऱ्या मुलांचं प्रमाण २० टक्क्यांच्या घरात होतं, म्हणजे पाचांतलं एक मूल. पुढे पैसा, निवारा, आहार आणि समुपदेशन एकत्र बांधलं गेलं, आणि तारीख चुकवणाऱ्या प्रत्येक मुलाचा माग ठेवायला सुरुवात झाली. मूल ठरल्या दिवशी आलं नाही की त्याची फाईल बाजूला निघते, घरी फोन जातो, अडचण तिकिटाची आहे, भीतीची आहे की कुणा वैदूच्या शब्दाची, हे विचारलं जातं. काही वर्षांत ते प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास आलं. या काळात रक्ताच्या कॅन्सरवर कुठलं जादूचं औषध आलेलं नव्हतं. मुलं टिकली ती आजूबाजूच्या व्यवस्थेमुळे.

६. तीन आक्षेप

पहिला आक्षेप असा, की हे सरकारचं काम आहे. संस्थांनी ते केलं की सरकारला जबाबदारी झटकायला निमित्त मिळतं. यात तथ्य आहे. पण इतिहासाचा कल दुसरीकडे दिसतो. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ मध्ये ल्युकेमियाने गेल्या. टाटा ट्रस्टने १९४१ मध्ये परळला कॅन्सरचं रुग्णालय उघडलं. १९५७ मध्ये ते केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने हाती घेतलं आणि १९६२ मध्ये ते अणुऊर्जा विभागाकडे गेलं. खासगी दानातून उभं राहिलेलं आणि उपयोग सिद्ध झालेलं काम सरकारने पुढे चालवल्याचं याहून ठळक उदाहरण शोधावं लागणार नाही. आजही रेल्वे स्लीपर वर्गात कॅन्सरच्या पेशंटला पूर्ण आणि सोबत्याला ७५ टक्के सवलत देते, म्हणजे प्रवास हा उपचाराचा भाग आहे हे तत्त्व सरकारला मान्यच आहे. संस्थेने वाट दाखवायची आणि सरकारने ती रुंद करायची, ही विभागणी वावगी नाही. घातक ठरतं ते, संस्था आहे म्हणून सरकारकडे मागणीच न करणं.

दुसरा आक्षेप जास्त भावनिक आहे: मूल मरणाच्या दारात असताना तांदूळ-डाळ काय वाटता, औषधाला पैसे द्या. २०२१ मध्ये स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी हा जनुकीय आजार असलेल्या मुंबईतल्या एका बाळासाठी लोकवर्गणीतून सुमारे १६ कोटी रुपये जमले, आणि केंद्राने औषधावरचा सहा कोटींच्या आसपासचा कर माफ केला. त्या आईबापांनी जे केलं ते कुठल्याही आईबापांनी केलं असतं, आणि देणाऱ्यांचंही काही चुकलं नाही. पण अशी मदत मूल किती आजारी आहे यापेक्षा त्याची गोष्ट किती दूर पोचली यावर ठरते. ज्याच्या आईबापांना इंग्रजी येतं, व्हिडिओ करता येतो, ओळखी आहेत, त्याची गोष्ट दूर जाते. पालघरच्या पाड्यावरच्या मुलाची जात नाही. संस्थेचं बळ इथे आहे. दाराशी आलेल्या मुलाला ती नियमाप्रमाणे घेते. त्याचा चेहरा कॅमेऱ्याला भावतो का, हे तिला पाहावं लागत नाही. दुर्मीळ आजारांच्या कोट्यवधींच्या औषधांचा प्रश्न वर्गणीने सुटणारा नाही. तो औषधाच्या किमतीचा आणि सरकारी धोरणाचा प्रश्न आहे.

तिसरा आक्षेप इच्छा पूर्ण करणाऱ्या संस्थांवर असतो. १९८० मध्ये अमेरिकेतल्या फीनिक्स शहरात ल्युकेमिया झालेल्या सात वर्षांच्या मुलाला एक दिवस पोलीस होऊ दिलं गेलं आणि त्यातून ‘मेक-अ-विश’ जन्माला आली. ती भारतातही काम करते. उपचाराला पैसे नसताना सायकल आणि नटाची भेट हे चोचले नव्हेत का? क्रम लावायचा झाला तर खोली आणि अन्न आधी येतात, यात वाद नाही. पण दोन वर्षं ज्याच्या दिवसावर सुईची आणि रिपोर्टची सत्ता आहे, त्याला एक गोष्ट स्वतःच्या मर्जीने मागता येणं ही क्षुल्लक बाब नव्हे. ती इच्छा मुलाची असावी, देणगीदाराच्या छायाचित्राची नसावी, एवढं पथ्य पुरे.

७. बरं होणार नसेल तेव्हा

उपचार पूर्ण करूनही काही मुलं वाचत नाहीत. ‘आता काही करण्यासारखं नाही’ हे वाक्य त्यांच्या घरच्यांना ऐकवलं जातं, आणि ते खरं नसतं. दुखणं कमी करता येतं, धाप आणि उलटी आवरता येते, मुलाला काय आणि किती सांगायचं याबाबत आईबापांना मदत करता येते, मागे राहिलेल्या भावंडाकडे पाहता येतं. यालाच पॅलिएटिव्ह, म्हणजे वेदनाशामक काळजी म्हणतात. मुलांसाठीचं पहिलं असं घर, हेलन हाऊस, १९८२ मध्ये ऑक्सफर्डला सुरू झालं. मुंबईत शीवला हॅपी फीट होम हे काम करतं. ही काळजी आजार बळावल्यावरच सुरू करायची असते, हा गैरसमज मात्र काढून टाकायला हवा. ती पहिल्या दिवसापासून उपचाराच्या बरोबरीने देता येते, आणि ज्याचं दुखणं आवरलेलं आहे असं मूल उपचारातही जास्त टिकतं.

८. देणाऱ्याने काय विचारावं, सरकारने काय उचलावं

वरचा युक्तिवाद पटत असेल तर संस्थेची पारख कशी करायची, हेही त्यातूनच ठरतं. नोंदणी, लेखापरीक्षण आणि ८०-जी चं प्रमाणपत्र तर पाहावंच. पण किती मुलांना मदत केली, हा आकडा फारसं काही सांगत नाही. एक वेळचा डबा दिलेलं मूलही त्यात धरता येतं. त्यापुढचा प्रश्न विचारावा: आलेल्यांपैकी किती मुलांनी उपचार पूर्ण केला, आणि ज्यांनी सोडला त्यांचं पुढे काय झालं, हे तुम्हाला ठाऊक आहे का? ज्या संस्थेकडे याचं उत्तर आहे, तिच्याकडे फाईल ठेवणारा आणि फोन करणारा माणूस नक्की असतो. त्या माणसाच्या पगाराला देणगी मिळवणं मात्र सर्वांत अवघड जातं. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात. पण इमारतीवर पाटी लावता येते, पगारावर लावता येत नाही. पगाराचा वाटा पाहून ‘प्रशासकीय खर्च फार आहे’ म्हणणारा देणगीदार बहुधा उपचारालाच कात्री लावत असतो.

सरकारपुढेही नमुना आहे. क्षयरोगाचे उपचार असेच लांबतात आणि असेच सुटतात. ते ओळखून केंद्राने २०१८ मध्ये निक्षय पोषण योजनेखाली क्षयरोग्यांना पोषणासाठी महिन्याला ५०० रुपये थेट खात्यात द्यायला सुरुवात केली आणि पुढे ती रक्कम दुप्पट केली. क्षयाच्या पेशंटचं खाणं हा उपचाराचा भाग असेल, तर कॅन्सर झालेल्या मुलाचं खाणं, राहणं आणि सोबतच्या पालकाची बुडालेली मजुरी तसाच भाग का असू नये? कॅन्सरची मुलं क्षयरोग्यांच्या मानाने अगदी थोडी आहेत, त्यामुळे तिजोरीवरचा भारही थोडा असेल. मजुरीची भरपाई संस्था सहसा देत नाहीत, हे आपण हिशेबात पाहिलं. सरकारने पहिलं पाऊल तिथेच टाकावं. मग संस्थांचे पैसे सरकारी योजनेला सहसा न जमणाऱ्या कामाकडे वळतील: मंगळवारी न आलेल्या मुलाच्या घरी बुधवारी फोन करून, नेमकं काय अडलंय ते विचारण्याकडे.